जावयाच्या अंगावरची नावं

माझा मामा पेंटर. भिंतींना रंग फासणारा नव्हे, अक्षरांचा पेंटर. हा फरक न ओळखता कुणी ‘घर रंगवायचंय, येतोस का’ असं विचारलं, की तो ऐकूच न आल्यासारखा ब्रश धूत बसायचा. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचे उपदेश, ट्रकच्या मागचे इशारे, दवाखान्याच्या जिन्यातलं ‘येथे थुंकू नये’ – आमच्या भागात वाचण्यासारखं जे काही होतं, ते सगळं त्याच्या हातचं. लोक वाचून थुंकायचे ती गोष्ट वेगळी, पण अक्षराला नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती.

माझं शिलाईचं दुकान त्याच्या आवाराला लागून आहे. मध्ये पत्र्याची भिंत, आणि त्या पत्र्यातून त्याचं सगळं ऐकू येतं. काम करताना तो अक्षरांशी बोलायचा. ‘ळ’ची दोन्ही पोटं सारखी आली नाहीत तर ‘लंगडतोय बिचारा’ म्हणत पुन्हा पुसून काढायचा. गिऱ्हाईक घाईला आलं तर त्यालाच ऐकवायचा, ‘‘तुम्हाला पाटी पाहिजे की नुसतं नाव पाहिजे? नुसतं नाव पाहिजे तर खडू देतो, लिहा तुमचं तुम्ही.’’ मला तो फार आवडायचा. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्याच्याबद्दल जे सांगणार आहे ते ऐकून तुम्हाला तसं वाटणार नाही.

मामी गेल्यापासून तो दोन्ही वेळा जेवायला आमच्याकडेच असायचा. त्याला आईनंच वाढवलेलं. आजी गेली तेव्हा आई स्वतः फ्रॉकमधली पोर होती आणि हा तिच्या कडेवर. त्याला अजूनही ती ‘हात धुतलेस का’ विचारायची, आणि तोही पन्नाशीचा गडी निमूटपणे उठून पुन्हा हात धुऊन यायचा.

मग कापडावर छापून देणारी यंत्रं आली. सकाळी फोटो द्या, दुपारी पाटी घेऊन जा. मामाचं काम बघता बघता आटलं. ब्रश वाळून कडक झाले. आवारात नुसता खुर्ची टाकून बसलेला असायचा आणि रस्त्यावरून जाणारे नवे फलक बघून तोंड कडू करायचा. त्या वेळी त्याला जे काम मिळालं ते अनुदानाचं.

हे अनुदान म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. शेतकऱ्यानं यंत्र स्वतः विकत घ्यायचं. मग कृषी कार्यालयातून तपासनीस येणार, यंत्र त्याच्या दारात उभं आहे हे डोळ्यांनी बघणार, फोटो काढणार, आणि अर्धी किंमत सरकार परत देणार. यंत्रावर मालकाचं नाव, योजनेचं नाव आणि वर्ष ठळक अक्षरांत रंगवलेलं पाहिजे, हा नियम. नियम करणाऱ्याला वाटलं असेल, नाव रंगवलं की लबाडी थांबली. त्याला आमचे अध्यक्ष माहीत नव्हते.

अध्यक्ष म्हणजे आमच्या शेतकरी सोसायटीचे. त्यांनी एक पॉवर टिलर आणला, मागे चालत हाकायचं नांगरणीचं यंत्र. निळा, दांडगा, दिसायला झोकात. त्यावर त्यांचं नाव मामानं रंगवलं, फोटो निघाला, अनुदान आलं. मग त्याच टिलरवर त्यांच्या बायकोचं नाव आलं. बाईसाहेब नवी कोरी चप्पल घालून टिलरशेजारी उभ्या राहिल्या. त्याला हात कुठे लावायचा हेही त्यांना तपासनिसानं दाखवलं. मग शहरात दातांचा दवाखाना असलेल्या मुलाचं नाव आलं. मग सुनेचं, मग व्याह्यांचं, मग गाडीच्या ड्रायव्हरचं. त्यानंतर गावातल्या ज्याला पाहिजे त्याचं. फक्त आलेल्यातला मोठा वाटा अध्यक्षांना पोचता करायचा. टिलर रात्रीचा एका दारातून निघायचा, मामाच्या आवारात मुक्काम करायचा आणि नव्या नावानं दुसऱ्या दारात जाऊन उभा राहायचा. त्यानं आयुष्यात एक ढेकूळ फोडलं नसेल. नुसतं घरोघर जायचं, मानानं उभं राहायचं, फोटो काढून घ्यायचा आणि काडीचं काम न करता पुढे जायचं. म्हणून लोक त्याला ‘जावई’ म्हणायचे.

‘‘काय, जावई आले का तुमच्याकडे?’’ असं रस्त्यात उघड विचारायचे. सगळे हसायचे. मीही हसायचे. आईला एकदा सोसायटीच्या कारकुनानं सुचवलं, तुम्हीही घ्या की एकदा बोलावून. आई म्हणाली, ‘‘नको बाई, घरात लग्नाची मुलगी आहे, लोक काय म्हणतील!’’ मी तेव्हा पस्तिशीला टेकले होते. त्या वाक्यावर गाव आठवडाभर हसलं.

आईच्या वाट्याला खरं अनुदान मात्र कधी आलंच नव्हतं. जमीन ज्याच्या नावावर, अनुदान त्याला. ती कसतो कोण, हे कुणी विचारत नाही. बाबा गेल्यावर जमीन काकांच्या नावावर राहिली. काका शहरात पंख्याखाली. आई इथे उन्हात. बियाण्याचं अनुदान आलं की काका फोन करून सांगायचे, ‘‘आलं बरं का.’’ जणू तिला आनंद होईल. भांडून, खेटे घालून, शेवटी काकांना स्वतःचीच लाज वाटली म्हणा किंवा कंटाळा आला म्हणा, जमीन तिच्या नावावर झाली. त्या वर्षी आईनं ठरवलं, टिलर घ्यायचा. खरा. दोन्ही गायी विकल्या आणि बाजारगावच्या दुकानातून रीतसर पावती करून घेतला. अनुदान आलं की गायी परत घ्यायच्या, असा तिचा हिशेब.

ही गोष्ट तिनं मामाला सांगितली नाही; गायी का विकल्या विचारलं तर चारा परवडत नाही म्हणाली. मलाही दम दिला, बोलायचं नाही. दुकानदार सगळी यंत्रं नाव घालायला मामाकडेच पाठवायचा, तेव्हा यंत्र त्याच्या दारात उतरल्यावर अचानक जाऊन उभं राहायचं आणि त्याचं तोंड बघायचं, एवढी एक हौस तिला होती. आयुष्यभर हौस अशी तिनं केलीच नव्हती, म्हणून मीही गप्प राहिले.

त्याच सुमारास जुना तपासनीस बदलून गेला आणि नव्या बाई आल्या. पायांत खेळायचे बूट, डोक्यावर टोपी, चहाला ‘नको’ म्हणायची सवय. त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं, नुसतं नाव चालणार नाही, इंजिनखाली कोरलेला नंबरही फोटोत पाहिजे. अध्यक्षांची पंचाईत झाली. जावयाला अंगभूत नंबर एकच. मग त्यावर त्यांनी तोड काढली: कोरलेला नंबर कानशीनं घासून टाकायचा आणि वर दुसऱ्या नंबराची पत्र्याची पट्टी ठोकायची. पट्ट्या द्यायला दुकानदार होता, तो अध्यक्षांचा साडू. घासायला मामा होता.

नव्या बाई एका दिवसात दोन-तीन दारं फिरतील, तेव्हा एकटा जावई पुरणार नाही, म्हणून अध्यक्षांनी आणखी दोन जुने टिलर पैदा केले. मामा ते घासायचा, पुट्टी भरायचा, वर प्रायमर, वर निळा रंग. ‘‘खालचं काही दिसलं तर पेंटर नाव लावणार नाही,’’ असं मलाच पत्र्यापलीकडून ऐकवायचा. त्याच्या आवाजात पूर्वीचा तोच अभिमान होता, ‘ळ’च्या वेळचा. मला तेव्हाच कसंसं झालं होतं. पण मामाचा हात पुन्हा चालायला लागला होता, आणि मी तेवढंच बघत होते.

एके दिवशी सकाळी दुकानदाराच्या टेम्पोनं तीन टिलर एकदम उतरवले. दोन जुने, एक कोरा. मामाला वाटलं, यंदा अध्यक्षांनी हात सैल सोडला. टेम्पोवाला घाईत होता, काही न सांगता निघून गेला. मामानं नेहमीप्रमाणे आधी कानस घेतली. कोऱ्या टिलरपासून सुरुवात केली, कारण त्यावर काम करायला बरं वाटतं. हे त्यानं मला नंतर सांगितलं. तेव्हा मला पत्र्यातून नुसता कानशीचा आवाज येत होता, आणि तो काही नवा नव्हता.

दुपारी आई आली. मला दुकानातून ओढूनच घेऊन गेली. आवारात शिरली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ‘‘त्या कोऱ्यावर नाव घाल,’’ ती म्हणाली.

‘‘कुणाचं?’’ मामानं मान वर न करता विचारलं.

‘‘माझं!’’

मामा उभा राहिला. हातातली कानस त्यानं पाठीमागे नेली. ‘‘तुझं कसं काय?’’

‘‘विकत घेतलं, म्हणून माझं. गायी विकल्या त्या काय गंमत म्हणून? बघ तोंड कसं झालंय याचं!’’ आई हसत हसत माझ्याकडे वळली. ‘‘मी म्हटलं नव्हतं?’’

मामाचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. मला वाटलं, आपल्याला न विचारता एवढा मोठा व्यवहार केला म्हणून रुसला. रुसण्यात तो पटाईत. आईनं टिलरच्या पाठीवर थोपटलं आणि ती घरी गेली.

त्यानंतर तो त्या टिलरवर दिवसचे दिवस खपला. आईचं नाव त्यानं असं काढलं की मी त्याचं तसं काम कधी बघितलं नव्हतं. प्रत्येक अक्षराला पिवळी कड, कडेला तांबडी सावली. आई म्हणाली, ‘‘अरे यंत्र आहे, लग्नपत्रिका नव्हे.’’ तो हसलासुद्धा नाही.

तपासणीच्या दिवशी आमच्या दारात बरीच गर्दी जमली. नव्या बाई आल्या, त्यांच्याबरोबर अध्यक्ष. ते प्रत्येक फेरीला बरोबर असायचे. आईनं मुद्दाम मामाला बोलावून घेतलं होतं. फोटोत तो पाहिजेच, म्हणाली.

बाईंनी नावाकडे बघितलं, ‘‘सुंदर अक्षर आहे,’’ असं म्हणाल्या, मग सरळ खाली वाकल्या आणि इंजिनखाली बोट फिरवलं. पुन्हा एकदा फिरवलं. मग किल्लीनं जरा खरवडलं.

‘‘नंबर कुठाय?’’

‘‘कसला नंबर?’’ आईनं विचारलं.

‘‘कोरलेला असतो इथे. हा घासून काढलाय, वर पुट्टी भरलीय.’’ बाई उठल्या. त्या चिडलेल्या नव्हत्या, दमलेल्या दिसत होत्या. ‘‘हे यंत्र तुमचंच, हे मी कशावरून धरू?’’

‘‘पावती आहे ना!’’ आई धावत आत गेली आणि पावती घेऊन आली.

‘‘पावतीवरचं यंत्र विकून टाकायचं आणि फोटोला दुसरंच उभं करायचं, हे मी या भागात ऐकलंय,’’ बाई म्हणाल्या.

आणि त्या वेळी अध्यक्षांनी, आमच्या अध्यक्षांनी, कपाळाला हात लावला. ‘‘वहिनी,’’ ते म्हणाले, ‘‘तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. आमच्या भागाची मान खाली घातलीत.’’

गर्दीत कुणीतरी खोकलं. कुणी हसलं नाही, एवढंच. ज्यांच्या दारात जावई मुक्काम करून गेला होता अशी निम्मी माणसं तिथे उभी होती, आणि सगळी आईकडे बघत होती.

आई मात्र घाबरली नव्हती. तिच्याकडे साक्षीदार होता. ती मामाकडे वळली. ‘‘अरे, तू सांग ना त्यांना. तुझ्याच आवारात उतरलं. नंबर होता की नव्हता?’’

मामानं अध्यक्षांकडे बघितलं. मग जमिनीकडे. ‘‘मी नुसती नावं लिहितो,’’ तो म्हणाला. ‘‘नंबराकडे माझं लक्ष नसतं.’’

आई त्याच्याकडे बघत राहिली. तिला राग आला नाही, तिला कळलंच नाही. तिला वाटलं असणार, खरंच लक्ष नसेल. मला मात्र तो कानशीचा आवाज आठवला.

बाईंनी लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात सोसायटीच्या हॉलमध्ये सुनावणी. यंत्र खरं असल्याचं सिद्ध झालं नाही तर अनुदान नाही, पुढे कुठल्याही योजनेत नाव नाही, आणि फसवणूक केल्याची नोंद कायमची. एवढी वर्षं भांडून जमिनीवर चढवलेलं तिचं नाव, ते आता फसवणुकीच्या नोंदीत चढणार होतं.

ते दिवस मी विसरणार नाही. रस्त्यात बायका विचारायच्या, ‘‘काय, शेवटी तुमच्याकडेही आलेच म्हणे जावई!’’ ज्यांनी स्वतः त्याच्याशेजारी फोटो काढून घेतले त्या विचारायच्या. आई किराणा दुकानात जायची थांबली. मी जायचे तर पिशवी भरेपर्यंत मान वर करत नसे. लाज वाटावी असं आम्ही काही केलं नव्हतं, तरी वाटायची. आणि मामा जेवायला यायचा बंद झाला.

‘‘त्याला वाईट वाटलंय,’’ आई म्हणायची. ‘‘आपल्याला मदत करता आली नाही म्हणून. डबा नेऊन दे त्याला.’’

मी डबा नेला. मामा आवारात रंगाच्या डब्यावर बसला होता. मी डबा त्याच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, ‘‘नंबर तू घासलास.’’

त्यानं डबा बाजूला सरकवला. मग हळूहळू सगळं सांगितलं. सकाळचा टेम्पो, कोरा टिलर, काम करायला बरं वाटतं ते. ‘‘माझा हात गेला गं,’’ तो म्हणाला. ‘‘यंत्र आलं की आधी कानस, असं झालंय आता. बघितलंच नाही कुणाचं ते.’’

‘‘मग आई आली तेव्हा का नाही सांगितलंस?’’

‘‘ती इतकी हसत होती.’’

‘‘पुन्हा ठोकायचा नंबर!’’

‘‘ठसे दुकानदाराकडे. तो कुणाचा साडू, तुला माहीत आहे.’’

‘‘आणि तपासणीला? तेव्हा तुझ्या तोंडाला काय झालं होतं?’’

‘‘अध्यक्ष समोर होते. हे एकच काम राहिलंय माझं. पोटावर पाय येईल.’’

‘‘आणि तुझं पोट भरतं कुणाच्या घरी?’’ मी डब्याकडे बोट केलं. त्यानंतर मी काय काय बोलले ते लिहीत नाही. माझी जीभ माझ्या कात्रीपेक्षा चांगली चालते असं गिऱ्हाईकं म्हणतात. त्या दिवशी ती चालली, आणि तो ऐकत बसला. डबा त्यानं उघडला नाही. निघताना मी म्हटलं, ‘‘आईला मी सांगणार नाही. तुझं तू सांग.’’ मला त्याची लाज वाटत होती, आणि त्याच्या अक्षरांचं मी आयुष्यभर कौतुक केलं याचीही.

सुनावणीला हॉल भरला होता. एरवी सभेला कोरम जमत नाही. आई पुढच्या रांगेत पावती मांडीवर ठेवून बसली होती. बाईंनी दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, ‘‘मी यंत्र विकलं, पुढे त्याचं काय झालं मला काय ठाऊक!’’ अध्यक्ष म्हणाले, कायदा सगळ्यांना सारखा, एका बाईसाठी भागाचं नाव खराब व्हायला नको. बाईंनी पेन उचललं.

तेवढ्यात मामा मागून उठला. अंगात धुतलेला शर्ट होता. ‘‘तो नंबर मी घासलाय,’’ तो म्हणाला. ‘‘यंत्र तिचंच आहे. तिला काही माहीत नव्हतं.’’

‘‘तुम्ही का घासला?’’

‘‘चुकून.’’

‘‘नंबर चुकून कसा घासला जातो?’’

‘‘सवयीनं,’’ मामा म्हणाला.

हॉलमधल्या सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. मामाच्याही लक्षात आलं, आपण काय बोललो ते. त्याला नुसतं बहिणीपुरतं बोलायचं होतं, बाकी झाकून ठेवायचं होतं. पण तो शब्द निघून गेला होता.

‘‘सवय कसली?’’ बाईंनी पेन खाली ठेवलं.

‘‘पेंटरचं डोकं फिरलंय,’’ अध्यक्ष उठून म्हणाले. ‘‘बहीण आहे त्याची ती. काहीही बोलणार.’’

‘‘डोकं फिरलं असेल तर घासून बघा,’’ मामा म्हणाला. ‘‘ताईच्या नावाखाली कंपनीचा रंग निघेल, दुसरं काही निघणार नाही. आणि अध्यक्षांच्या दारात आत्ता जो उभा आहे, तोही घासा.’’

बाईंनी त्यालाच घासायला लावलं. आधी आमच्या अंगणात. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून त्यानं आईचं नाव घासलं. पिवळी कड गेली, तांबडी सावली गेली, अक्षरं गेली, आणि खाली कंपनीचा निळा रंग आला, गुळगुळीत, कोरा. घासलेल्या नंबराची जागाही ताजी, अजून चकाकणारी. बाईंनी फोटो काढले.

मग सगळी वरात अध्यक्षांच्या दारात. तिथे जावई उभे होते. मामा गुडघ्यावर बसला आणि घासायला लागला. वरचं नाव गेलं, पुट्टी गेली आणि खालून एक नाव आलं. सोसायटीच्या कारकुनाचं. कारकून तिथेच होता. मग त्याच्या खालचं आलं, किराणा दुकानदाराचं. मग शाळेतल्या शिक्षकांचं. लोक बघत उभे होते आणि प्रत्येक जण आपलं नाव कितव्या थराला आहे याचा अंदाज घेत होता. नाव जवळ आलं की माणूस मागच्या मागे सरकायचा. बायका घरात गेल्या. मामाचे हात निळ्या चिखलानं भरले होते. ‘‘पुरे,’’ असं बाई म्हणाल्या, तरी तो घासत राहिला. ड्रायव्हर आला, दंतवैद्य आले, अध्यक्षांच्या बाईसाहेब आल्या. खालचं काही दिसणार नाही म्हणणाऱ्या माणसानं सगळं स्वतःच्या हातानं उघडं केलं, आणि तिथे शेवटी आम्हीच उरलो.

आईचं अनुदान मंजूर झालं. बाकीच्यांचं थांबलं, चौकशी लागली. अध्यक्षांना काही झालं का, असं विचाराल तर ते अजून अध्यक्ष आहेत. चौकशी चालू असते. पण गावात आमच्याशी बोलणारं कुणी राहिलं नाही. तोंडावर कुणी काही म्हणत नाही, फक्त शिवायला कपडे येत नाहीत.

पण हे सगळं नंतरचं. सुनावणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मामा डबे आणि ब्रश घेऊन अंगणात आला. आई टिलर पुसत होती. काल हॉलमध्ये ती एक शब्द बोलली नव्हती, घरी आल्यावरही नाही.

‘‘ताई, नाव पुन्हा घालतो.’’

‘‘घाल.’’

त्यानं पहिलं अक्षर काढलं. मग ब्रश थांबवून म्हणाला, ‘‘माफ कर म्हणायला तोंड नाही मला.’’

आईनं फडका झटकला. ‘‘माझं राहू दे. एक विचारते, ते सांग. हे यंत्र माझं नसतं. दुसऱ्या कुणा बाईचं असतं, तिनंही अशाच गायी विकून घेतलेलं. तू असंच चुकून घासलं असतंस. तर हॉलमध्ये उठला असतास?’’

मी दारात उभी होते. मनातल्या मनात म्हणाले, हो म्हण, मामा. खोटं तर खोटं. आईला बरं वाटू दे.

मामानं ब्रश डब्यावर आडवा ठेवला. मग तिच्याकडे बघितलं.

‘‘नसतो उठलो,’’ तो म्हणाला.

आईनं मान हलवली. ‘‘ऊन वाढायच्या आत संपव,’’ असं म्हणाली आणि आत गेली. मीही तिच्यामागून गेले. स्वयंपाक झालेला होता. आम्ही दोघी बसून राहिलो. बाहेर तो तिच्या नावाची उरलेली अक्षरं काढत होता. काम संपल्यावर त्यानं डबे आवरल्याचा आवाज आला, मग थोडा वेळ काहीच आला नाही. तो थांबला होता. त्याला जेवायला हाक मारायला आमच्यापैकी कुणालाच उठवेना.